फेअर शब्दाची साक्ष

अमरावती, माघ शुद्ध अष्टमी, शके १७८६

सौ. सिंधूस,

काल रथसप्तमी झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून येते म्हणून गेलीस, ते दिवसही सरले आणि तू अकोल्याहून निघाल्याची खबर नाही. म्हणून लिहितो. नवऱ्यानं बायकोला पत्र लिहावं असं आपल्या आळीत अजून कोणी केलेलं नाही. पण तुझ्या वडिलांनी तुला लिहावाचायला शिकवलं ते काय नुसत्या पोथीपुरतं? हे पत्र तुझ्या हाती पडण्याआधी नाना वाचतील हे मला ठाऊक आहे. त्यांना साष्टांग नमस्कार. वाचून झालं की घडी होती तशी घालून द्यावी.

तू का गेलीस ते मी विसरलेलो नाही. आमच्या कापूस-कंपनीच्या फाटकाशी तो बंडीवाला 'साहेबाच्या पोपटाची बायको चालली' असं म्हणाला आणि ते तू ऐकलंस. घरी येऊन भांडली नाहीस. भाकरी थापता थापता एवढंच म्हणालीस, "तुम्ही तोंड भाड्यानं दिलंय. घरी येता तेव्हा कुणाचं घेऊन येता?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही. तू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस आणि मला भूक लागली होती.

आता देतो. तोंड माझंच आहे. हॅल्डेन साहेब इंग्रजीत बोलतात, कुणबी वऱ्हाडीत बोलतात, आणि मधे मी उभा नसेन तर दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसतील. अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस बंद झाला, तेव्हापासून लिव्हरपुलात आपल्या गावाचं नाव 'ऊमरावटी' असं घेतात म्हणे. इतकं वाकडं करून का होईना, घेतात. आपल्या कुणब्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या त्या याच लढाईच्या. हे सगळं दुभाष्यावाचून झालं असतं का?

बहिरमच्या जत्रेची हकीकत तुला सांगायची राहून गेली. मी परतलो तेव्हा तू माहेरचं गाठोडं बांधत होतीस. तिथे अकोटाकडचे नत्थुजी पाटील भेटले. उंच, काळे, बोलताना हात कमरेवर ठेवणारे. आपल्या आणि आसपासच्या गावांच्या कापसाचा सौदा करायला आले होते. साहेब खुर्चीवर, पाटील घोंगडीवर, मी उभा. साहेब म्हणाले, तुम्ही मला फेअर कापूस द्या, मी तुम्हाला फेअर भाव देतो.

नत्थुजींनी कान टवकारले. "फेर? कायचा फेर? आमाले फिरून या लागते का?"

मी हसलो आणि समजावून सांगितलं. म्हटलं, पाटील, फेअर हा त्यांचा फार राबणारा शब्द आहे. आपण बसलोय ही जत्रा, हिलाही ते फेअर म्हणतात. आभाळ स्वच्छ असलं की फेअर. न्यायानं वागलं की फेअर. गोऱ्या कातडीलाही फेअर.

"येवढं सारं एका शब्दात?" नत्थुजी म्हणाले. "शब्दाले लयच गरीब दिसतेत हे लोक. बरं, मंग आपल्या कापसात त्यातलं कोनतं?"

प्रश्न रास्त होता. मी तो साहेबालाच विचारला. नीट इंग्रजीत विचारला: वेचून घेतलेला, पालामाती नसलेला, वजनासाठी पाणी न मारलेला, जुना कापूस न मिसळलेला, असाच अर्थ ना? साहेब म्हणाले, अगदी तोच. मग मी तो पाटलांना सांगितला.

"म्हंजे इमानाचा माल," नत्थुजी म्हणाले.

हेही मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबानं खुर्चीवरून उठून हात पुढे केला. कागद इंग्रजीत झाला, खाली नत्थुजींनी नांगराची निशाणी केली. सांग आता, यात भाड्याचं काय होतं?

उत्तर पाठव. नानांना वाचून पाठवायचं असेल तरी चालेल.

हरिहर

अमरावती, फाल्गुन वद्य चतुर्थी, शके १७८६

सौ. सिंधूस,

तुझं पत्र आलं. एवढंसंच आहे, पण अक्षर तुझं आहे. प्रकृती बरी, आईंचा गुडघा दुखतो, चिंचा झोडून झाल्या, आणि मग खाली तो प्रश्न. 'तुम्ही मला इंग्रजी पुस्तकातल्या मुलीची गोष्ट सांगितलीत तेव्हा फेअर म्हणजे सुंदर असं म्हणालात. नाना म्हणतात फेअर म्हणजे गोरी. खरा अर्थ कोणता?'

दोन्ही खरे. इंग्रजांकडे गोरी आणि सुंदर यांना एकच शब्द आहे ही त्यांची अडचण. आपल्याकडे दोन आहेत. तू गोरी नाहीस आणि सुंदर आहेस, हे मराठीत सरळ सांगता येतं. इंग्रजीत सांगायला गेलो तर वाक्य आपल्याशीच भांडायला लागेल. एवढा मजकूर नानांनी वाचला नाही असं समजून मी पुढे लिहितो.

घरचं बरं आहे. स्वयंपाक मीच करतो. भात जमतो, वरण जमतं, पोळीचा नकाशा होतो. शेजारच्या माणिकबाई रोज विचारतात, 'सिंधू कधी येनार?' मी म्हणतो, तिला वाटेल तेव्हा. त्या माझ्याकडे असं बघतात की जणू मीच तुला हाकलून दिलं.

बडनेऱ्याकडे आगगाडीच्या रस्त्याचा भराव चालू आहे. गावात मात्र पहिल्यासारखी गडबड नाही. अमेरिकेतली लढाई मिटणार अशी बोलवा मुंबईत उठली आहे आणि भाव खचतो आहे. दलाल चावडीपुढे घोळक्यानं उभे असतात आणि कोणी कोणाला हाक मारत नाही. हॅल्डेन साहेब पूर्वी सकाळी शीळ घालत यायचे, आता दात खात येतात. मला चिंता नाही. साहेबानं दिलेला शब्द माझ्या तोंडून गेला आहे, आणि माझ्या तोंडून गेलेला शब्द अजून कधी परत आलेला नाही.

तू सोलापुरी हिरवं लुगडं इथेच विसरलीस. झटकून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलं आहे.

हरिहर

अमरावती, चैत्र वद्य दशमी, शके १७८७

सौ. सिंधूस,

मागच्या पत्रात मी एक बढाई मारली होती. ती या पंधरवड्यात कसाला लागली.

नत्थुजी पाटलांच्या बंड्या आल्या. फाटकापासून थेट पिंपळापर्यंत रांग. बरोबर त्यांची बायको पार्वताबाई होत्या. एका बंडीच्या धुरेवर बसून त्या अख्ख्या काफिल्यावर नजर ठेवून होत्या. कापूस मी स्वतः हातात घेऊन पाहिला. कोरडा, निवडलेला, पाल्याचा कण नाही. नत्थुजी म्हणाले, "मुनशीजी, बायामानसांनी अंगनात बसून बोंड बोंड निवडलं. इमानाचा माल म्हनलं थं ना आपन?"

साहेब बाहेर आले. एका गाठोड्यातला पुंजका ओढला, धागा ताणून पाहिला, तुटला. म्हणाले, "मुन्शी, यांना सांग, हा फेअर नाही."

मी विचारलं, कसा नाही?

तेव्हा साहेबांनी मला या शब्दाचा आणखी एक अर्थ शिकवला. लिव्हरपुलच्या बाजारात कापसाच्या प्रती लावतात, त्यांतल्या एका प्रतीचं नाव फेअर. धागा अमुक लांब, रंग अमुक उजळ, तर तो फेअर. आपल्या जमिनीतला आखूड धाग्याचा कापूस त्या प्रतीला क्वचितच पोचतो. कागदावर फेअर लिहिलं आहे, हा फेअर नाही, कंपनी बांधलेली नाही. बंड्या परत न्या.

सिंधू, मी या नोकरीत आल्यापासून साहेबाला उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, "बहिरमला मी तुम्हाला अर्थ विचारला होता. तुम्ही 'अगदी तोच' म्हणालात."

साहेब माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "मी इंग्रजीत सौदा केला. तू त्यांना तुझ्या भाषेत काय सांगितलंस ते मला कसं कळणार?"

पोपट म्हटल्यानं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण पोपटावर खोटेपणाचा आळ कोणी घेत नाही. माझ्यावर घेतला.

बाहेर नत्थुजी वाट पाहत होते. मी त्यांना काहीही न लपवता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमीच म्हनले थे इमानाचा माल. आता भाव पडला तं शब्द काहून फिरून राहिला?"

"मी फिरलो नाही, पाटील."

"मंग साहेबाले सांगा."

"सांगितलं."

"आयकलं नाही?"

"नाही."

"मंग सरकारले सांगू," ते म्हणाले.

पार्वताबाई धुरेवरून उतरल्या आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "मुनशीजी, आमी कोर्टात गेलो आन् तुमाले बलावलं, तं तुमी याल का? का तवा तुमाले पन इंग्रजीच येईल?"

मी म्हटलं, बोलावलं तर येईन.

कापूस त्यांनी इथल्या एका ओळखीच्या वखारीत उतरवला आणि दोघं अकोल्याला गेली. गाव अकोट तालुक्यात, तेव्हा फिर्याद अकोल्याच्याच कचेरीत व्हायची. तिथला सगळ्यांत चांगला वकील कोण, असं नत्थुजींनी मला विचारलं होतं. मी खरं तेच सांगितलं, नानांचं नाव. म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ती दोघं बहुधा तुमच्याच ओसरीवर बसलेली असतील. पार्वताबाईंना नुसतं गूळपाणी देऊ नकोस, ताक दे.

हरिहर

अमरावती, वैशाख वद्य द्वितीया, शके १७८७

सौ. सिंधूस,

नानांनी नत्थुजींचं वकीलपत्र घेतल्याचं कळलं. मला साक्षीचं समन्स आलं आहे. त्यामुळे आजचं पत्र अडचणीचं आहे. मी एका पक्षाचा नोकर, माझं पत्र फोडणार दुसऱ्या पक्षाचे वकील, आणि ते माझे सासरे. म्हणून कोर्टात काय बोलणार ते या पत्रात एका अक्षरानं लिहिणार नाही. तुलासुद्धा नाही. तू रागावशील. रागाव.

पण दोन गोष्टी लिहायलाच हव्यात.

पहिली. हॅल्डेन साहेबांनी मला बोलावून खुर्ची दिली. या कचेरीत मला खुर्ची मिळाल्याचं तू कधी ऐकलं आहेस? म्हणाले, मुंबईच्या हपिसात थोरल्या मुन्शीची जागा रिकामी होते आहे. तू चलाख आहेस. कोर्टात फक्त एवढंच सांग, की फेअर म्हणजे लिव्हरपुलची प्रत हे तुला ठाऊक होतं आणि तसंच तू कुणब्याला सांगितलंस. मी म्हटलं, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देईन. साहेबानं ते आपल्या सोयीनं समजून घेतलं.

दुसरी. परवा नानांचे कारकून किसनराव आले. आंब्यांची करंडी घेऊन आले. इकडचं तिकडचं बोलले. उठताना चपला पायात सरकवता सरकवता म्हणाले, "नानांनी निरोप दिलाय. साक्ष नत्थुजीच्या बाजूनं सरळ झाली, की त्याच दिवशी सिंधूताईंना तुमच्याबरोबर रवाना करतील."

मी किसनरावांना आंब्यांसकट परत पाठवलं. आंबे चांगले होते.

नाना, आता हे तुम्हालाच लिहितो, कारण वाचणारे पहिले तुम्हीच. तुमचा मान मी कमी करत नाही. तुमची बाजू कदाचित खरीही असेल. पण माझी बायको साक्षीदाराचा भत्ता नाही. साहेबानं मला जागा दाखवली, तुम्ही मला माझंच घर दाखवलंत. दोघांनाही माझी जीभ विकत हवी. मी काय बोलणार ते माझं मी ठरवलेलं आहे आणि त्यात कुणाच्या निरोपानं फरक पडणार नाही. आणि जे बोलेन ते कशाच्या बदल्यात बोललो असं कुणी म्हणू नये म्हणून आजच सांगून ठेवतो: साक्षीला अकोल्यास येईन तेव्हा मी तुमच्या दारात येणार नाही आणि सिंधूला नेणार नाही.

सिंधू, हे पत्र नानांनी तुझ्या हाती दिलं, तर नानांना लिहिलेलं वरचं शेवटचं वाक्य दोनदा वाच. पहिल्यांदा वाचताना तुला वाईट वाटेल. दुसऱ्यांदा तसंच वाटेल असं नाही.

हरिहर

अकोला, मोर्णेकाठची धर्मशाळा, ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १७८७

सौ. सिंधूस,

हे पत्र टपालानं नाही, पार्वताबाईंच्या हाती देतो आहे. त्यांनी ते लुगड्याच्या ओच्यात खोचलं आणि म्हणाल्या, "पोरीच्याच हातात देईन. वकिलाच्या बापाले बी देनार नाही." म्हणजे माझं पत्र प्रथमच आधी तू वाचशील. तुमची चिंच या ओट्यावरून दिसते. तरी मी तिकडे आलो नाही.

काल साक्ष झाली. ती तुला कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मी सांगतो.

कचेरी माणसांनी भरली होती. अकोटाकडचे कुणबी अंगणात, झाडाखाली, भिंतीवर. असिस्टंट कमिशनर साहेब तरुण आहेत, नाक उन्हानं सोललेलं. हॅल्डेन साहेब खुर्चीवर. नाना उभे राहिले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना आजच भेटतो आहे. चांगला वकील आहे तुझा बाप.

नानांनी विचारलं, "फेअर या शब्दाचा अर्थ काय?"

मी सांगू लागलो. जत्रा. न्याय्य. गोरा. सुंदर. निरभ्र. लिव्हरपुलची एक प्रत. बरा, म्हणजे उत्तमही नाही आणि वाईटही नाही. मसुद्याची स्वच्छ नक्कल. अंगणात हशा पिकला. कमिशनर साहेबांनी टेबलावर हात आपटला.

"मुन्शी," ते इंग्रजीत म्हणाले, "मी इंग्रज आहे. माझ्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ मला साक्षीदाराकडून नको."

मी इंग्रजीतच म्हणालो, "हुजूर, शब्द आपला आहे आणि त्याचे सगळे अर्थ आपणाला ठाऊक आहेत. पण सौदा सगळ्या अर्थांचा झाला नाही, एकाचा झाला. तो कोणता, हे मी त्या दिवशी साहेबाला विचारलं होतं. आपण तेवढंच विचारावं."

त्यांनी लेखणी शाईत बुडवली. मग म्हणाले, "सांग."

मी बहिरमची सगळी हकीकत सांगितली. काय विचारलं, साहेबानं काय उत्तर दिलं, पाटलांना काय सांगितलं, पाटलांनी काय म्हटलं, ते इंग्रजीत परत कसं सांगितलं आणि साहेबानं उठून हात कसा दिला. नंतर तेच सगळं मराठीत सांगितलं, अंगणातल्या लोकांना कळावं म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. दुभाष्याचं काम पुरं केलं.

मग कंपनीचे वकील उठले. मुंबईचे आहेत, आवाज गोड.

"तुमच्या पत्नी सध्या कुठे आहेत?"

"अकोल्यात. माहेरी."

"म्हणजे फिर्यादीच्या वकिलांच्या घरी."

"होय."

"किती महिने त्यांनी तुमच्याकडे येण्याचं टाळलं. आजच्या या साक्षीनंतर त्या तुमच्याबरोबर निघणार, असंच ठरलं आहे ना?"

सगळ्या कचेरीनं माना वळवल्या. नाना खाली कागदाकडे बघत होते. सिंधू, त्यांच्या मानेला घाम आलेला मी पाहिला. मी तो निरोप तिथे उघड केला असता, तर नानांची वकिली त्याच दिवशी संपली असती आणि नत्थुजींची फिर्यादही. खोटं बोललो असतो, तर माझी साक्ष संपली असती.

मी म्हणालो, "नाही. मी तिला न्यायला आलेलो नाही. मी इथे एकटा आलो, एकटा जाणार. ती कधी यायचं ते ती ठरवील. विश्वास नसेल तर शिपाई माझ्याबरोबर द्यावा."

"मग त्या गेल्या का?"

"मी तोंड भाड्यानं दिलं आहे असं तिला वाटलं म्हणून."

वकील बसले. त्यांना वाटलं आपण जिंकलो. कमिशनर साहेबांनी मात्र लेखणी थांबवली आणि हॅल्डेन साहेबांना सरळ विचारलं, "बहिरमला तुम्ही यांना हात दिलात?" हॅल्डेन साहेब म्हणाले, दिला. "कोणत्या शब्दावर?" हॅल्डेन साहेबांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं.

निकाल आज सकाळी झाला. ज्या अर्थी अर्थ विचारला गेला आणि सांगितला गेला, त्या अर्थी तोच सौद्याचा अर्थ. कंपनीनं ठरल्या भावानं सगळा कापूस घ्यावा. अंगणात कुणब्यांनी काय आरोळी ठोकली म्हणतेस! नत्थुजींनी मला उचललंच. म्हणाले, "मुनशी, तुमी आमच्या घरचे हाये आता. काई लागलं तं हाक मारा." मी म्हटलं, आधी खाली ठेवा.

कचेरीच्या पायरीवर हॅल्डेन साहेबांनी मला नोकरीवरून काढल्याचं सांगितलं. ओरडले नाहीत. त्यांच्याही मागे मुंबईला कुणीतरी बसलेलं आहे. मी त्यांना सलाम केला. इंग्रजी मी त्यांच्याकडूनच शिकलो.

नानाही त्याच पायरीवर उभे होते. मी वाकून नमस्कार केला आणि इकडे आलो.

तर आता नोकरी नाही. कंपनीची खोली सोडावी लागेल. अंबादेवीच्या देवळामागे दोन खोल्यांची एक जागा पाहून ठेवली आहे, विहीर जवळ आहे. इंग्रजी कागद सगळ्या वऱ्हाडात हिंडताहेत आणि वाचणारे थोडे. मी उपाशी मरणार नाही. तुला ये असं मी लिहीत नाही. येऊ नको असंही लिहीत नाही.

हरिहर

अमरावती, ज्येष्ठ वद्य द्वादशी, शके १७८७

तीर्थस्वरूप नानांस, सिंधूचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचले. आईला सांगा, गुडघ्याला एरंडेल चोळत जा म्हणावं.

तुम्ही बोलला नाहीत म्हणून लिहिते आहे. मी गाठोडं घेऊन ओसरीवरून तुमच्या समोरून गेले. तुम्ही वर पाहिलं नाहीत. मी थांबले होते, नाना. जिन्यापाशी नाही, तुळशीपाशी नाही, तुमच्या पुढ्यातच थांबले होते. पार्वताबाई बंडीतून हाका मारत होत्या, "चाल व माय, बैल उन्हात उभे हायेत."

किसनरावांच्या निरोपाचं मला वैशाखातच कळलं. ते पत्र तुम्ही माझ्यापासून लपवू शकला असता. नाही लपवलंत. दोन दिवस तुमच्या कोटाच्या खिशात होतं, मग तुम्ही आणून माझ्यापुढे ठेवलंत आणि आंघोळीला गेलात. मी तुम्हाला विचारलं, हे खरं का? तुम्ही म्हणालात, "हो. तुझ्या भल्यासाठी म्हणालो." तुमचं ते 'हो' मी लक्षात ठेवलं आहे. त्यापुढचं सोडून दिलं आहे.

मी संक्रांतीला आले ती तुमच्याकडे न्याय मागायला आले नव्हते. माझ्या नवऱ्याचं तोंड कुणाचं आहे हे मला बघायचं होतं, आणि ते जवळ राहून दिसत नव्हतं. तुम्ही मात्र मला तुमच्या फिर्यादीत जमा धरलंत. ह्यांनी कोर्टात तुम्हाला वाचवलं, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. बाहेर कुणाला कळणार नाही.

वखारीतला कापूस कंपनीत घालायला निघालेल्या पार्वताबाईंनी वाटेत मूर्तिजापूरला झाडाखाली चूल मांडली. म्हणाल्या, "तुमच्यात आमच्या हातचं चालत नाही, मले ठाव हाये. पीठ घे, तुई तू थाप." मी थापली. भाजी मात्र त्यांच्याच तव्यातली घेतली. हे आईला सांगू नका, किंवा सांगा.

इथे पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. देवळामागची जागा विचारत आले. हे दारात बसून एका म्हाताऱ्या कुणब्याला कसलासा इंग्रजी कागद समजावून सांगत होते. मला पाहून उठले. कागद हातातच.

"कोणी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कोणी नाही. मी आले."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. म्हातारा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला. शेवटी तोच म्हणाला, "मुनशीजी, बाईले पानी तं द्या आदी."

त्यांनी पाणी आणलं. मग माझं गाठोडं उचलून आत ठेवलं.

आता इथलं असं चाललं आहे. सकाळपासून माणसं येतात. कोणाचा कंपनीचा कागद, कोणाचं सरकारी फर्मान, कोणाला मुंबईच्या व्यापाऱ्यानं धाडलेली नोटीस. हे वाचतात, मराठीत सांगतात, शंका असली तर ठणकावून सांगतात की इथे निशाणी करू नका. भाव उतरला आहे, त्यामुळे असे कागद रोज नवे निघताहेत. काही जण ज्वारी आणून देतात, काही जण नुसता रामराम. मी दाराआड बसते. परवा एका बाईला बाहेर बसून सांगायची लाज वाटत होती, तेव्हा मी तिचं ऐकून घेतलं आणि यांना सांगितलं. रात्री मी इंग्रजी अक्षरं गिरवते. हे म्हणतात माझा हात त्यांच्यापेक्षा सरळ आहे.

नत्थुजींच्या गावासारखी आणखी पाचसहा गावं अशाच सौद्यात अडकली आहेत. ह्यांना शब्द कळतात, कायदा कळत नाही. परवा जेवताना आपण होऊन म्हणाले, "नानांसारखा वकील वऱ्हाडात दुसरा नाही." मी पान वाढत होते.

तुम्ही या. तुमची बैठक घालायला ओटी आहे, खाली चटई आहे, विहिरीचं पाणी गोड आहे. पण निरोप पाठवू नका, करंडी पाठवू नका, किसनरावांना पाठवू नका. स्वतः या, आणि आलात की दारातून मला नावानं हाक मारा.

तुमची
सिंधू